बोप्लाँच्या युक्रेन-वर्णनावर कितपत विसंबावं?

ग्योम ल व्हासर द बोप्लाँ या फ्रेंच इंजिनियरनं सतराव्या शतकात युक्रेनचं जे वर्णन लिहिलं, ते इतिहासाचं साधन म्हणून कितपत धरावं, असा मूळ प्रश्न आहे. त्याला जोडून आणखी दोन आहेत. ज्या पुस्तकात मुलीच मुलांना मागणी घालतात आणि ताप आला की लोक बंदुकीची दारू पितात, त्यातल्या बाकीच्या मजकुरावर भरवसा का ठेवायचा? आणि वाचायचंच झालं तर सुरुवात कुठून करायची?

माझं उत्तर असं की भरवसा ठेवावा, चांगला ठेवावा, पण पान पाहून. युरोपीय माणसांनी परमुलखांबद्दल लिहिलेली त्या काळातली वर्णनं वाचणं आणि शिकवणं हेच माझं काम आहे, आणि त्या सगळ्यांत बोप्लाँ मला फार मोलाचा वाटतो. तो वाचताना दर पानाला एक विचारत जावं: इथे हा माणूस मोजतोय, पाहतोय, की ऐकलेलं सांगतोय? तिन्हींची किंमत वेगवेगळी आहे. आणि हे विचारताना त्याला पगार कोण देत होतं हे एक क्षणही विसरू नये.

बोप्लाँला सगळे प्रवासी म्हणतात, पण तो नोकरीवर गेलेला माणूस होता. इंग्रजीत त्याचं पुस्तक १७०४ मध्ये लंडनच्या चर्चिल बंधूंनी काढलेल्या प्रवासवर्णनांच्या मोठ्या संग्रहात आलं. त्याच संग्रहाच्या चौथ्या खंडात जेमेल्ली करेरी आहे. मराठ्यांच्या इतिहासाचे वाचक त्याला ओळखतात. १६९५ मध्ये गोव्याहून निघून गलगल्याच्या छावणीत औरंगजेबाला भेटणारा तो हाच. करेरी जगप्रदक्षिणेला निघाला होता. छावणी पाहिली, दरबार पाहिला, टिपणं काढली आणि पुढे चीनच्या वाटेला लागला. बोप्लाँ मात्र १६३० च्या सुमारास पोलंडच्या राजाच्या चाकरीत गेला आणि सुमारे सतरा वर्षं तिथेच राहिला. आजच्या युक्रेनचा मोठा भाग तेव्हा पोलंड-लिथुएनियाच्या राज्यात होता. बोप्लाँचा वरिष्ठ होता स्तानिस्वाव कोन्येत्सपोल्स्की, म्हणजे पोलंडच्या फौजेचा मुख्य सेनापती आणि त्या मुलखातला अफाट जमीनदार. त्याच्या हाताखाली किल्ले बांधायचे, गावठाणं आखायची, नद्या आणि वाटा मोजून नकाशे करायचे, हे बोप्लाँचं काम. ब्रोदी, बार, क्रेमेन्चुक आणि मुख्य म्हणजे कोदाक या ठिकाणांच्या तटबंदीशी त्याचं नाव जोडलेलं आहे.

पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत तो सांगतो की त्यानं पन्नासहून अधिक मोठ्या स्लोबोदा वसवल्या आणि थोड्याच वर्षांत त्यांतून हजारावर खेडी उभी राहिली. स्लोबोदा म्हणजे ओसाड मुलखात कौल देऊन वसवलेली वस्ती. ठरावीक वर्षं सारा माफ, वेठ माफ, या बोलीवर माणसं आणायची. शिवकाळातली कागदपत्रं वाचणाऱ्याला ही पद्धत नवी नाही. मुदत संपली की वेठ सुरू व्हायची. आता ‘हजार खेडी’ हा आकडा तो राजाला लिहितोय, हे ध्यानात घ्यायचं. स्वतःची कामगिरी सांगणाऱ्या नोकराचा तो आकडा आहे. पण वस्ती झपाट्यानं वाढत होती आणि ती वाढवण्यात याचा हात होता, याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही.

याच माणसानं त्या वस्त्यांतल्या कुळांची अवस्था कशी लिहिली ते पाहा. आठवड्यातले तीन दिवस कुळानं स्वतःच्या घोड्यासह मालकाच्या शेतात राबायचं. जमिनीच्या मानानं धान्य द्यायचं. ईस्टर, पेंटेकॉस्ट आणि नाताळच्या आधी कोंबड्या, बदकं, पिल्लं पोचती करायची. लाकूडफाटा वाहायचा. मेंढ्या, डुकरं, मध, फळं यांचा दहावा हिस्सा द्यायचा आणि दर तिसऱ्या वर्षी बैलांमधलाही वाटा द्यायचा. वर तो म्हणतो की इथले सरदार स्वर्गात असल्यासारखे राहतात आणि कुळं शुद्धिस्थानात असल्यासारखी. शुद्धिस्थान म्हणजे ख्रिस्ती कल्पनेतली मेल्यानंतर पापं जाळून काढण्याची जागा. मालकाचा स्वभाव वाईट निघाला तर गलेरीवर साखळदंडात वल्हं मारणाऱ्या कैद्यांपेक्षाही यांची दशा वाईट, असंही त्यानं लिहिलंय. आणि लगेच पुढे: म्हणूनच यांच्यातले धाडसी लोक पळून झापोरोझ्झ्याच्या कोसॅकांना, म्हणजे सरहद्दीवरच्या माळावर मोकळेपणानं राहणाऱ्या लढवय्यांना, जाऊन मिळतात.

हा मजकूर मी सगळ्यात विश्वासार्ह मानतो, आणि त्याचं कारण साधं आहे. तो त्याच्या मालकांच्या हिताविरुद्ध जातो. खुशामतीसाठी कोणी असं लिहीत नाही. शिवाय काळ पाहा. बोप्लाँनं मुलूख सोडला १६४७ मध्ये आणि १६४८ च्या वसंतात कोसॅकांचा पुढारी बोहदान ख्मेल्नित्स्की याचा उठाव भडकला. पोलंडच्या राज्याचा सगळा आग्नेय भाग त्यात हादरला. पुस्तकाची पहिली आवृत्ती फ्रान्समधल्या रुआँला १६५१ मध्ये निघाली, ती शंभरेक प्रतींची. दुसरी १६६० मध्ये. पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकात ‘पोलंडच्या राज्यातले प्रदेश’ पुढे आहेत, दुसरीत ‘युक्रेन’ हे नाव सगळ्यात आधी येतं. मधल्या नऊ वर्षांत त्या नावाची कीर्ती युरोपभर झाली होती. ते नाव मात्र त्यानं दिलेलं नव्हे. कीव्हच्या बखरीत ते ११८७ च्या नोंदीत आहे.

आता कोदाक. बोप्लाँ कोण होता हे या एका किल्ल्यावरून कळतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

नीपर नदी, युक्रेनियन लोक जिला द्निप्रो म्हणतात ती, आजच्या द्निप्रो शहराच्या खाली एका टप्प्यात खडकांतून वाहायची. पात्रात आडवे पसरलेले खडकांचे बांध, त्यांना पोरोही म्हणत. काही खडक पाण्याखाली, काही पाण्याच्या पातळीला, काही आठ-दहा फूट वर, घराएवढाले, असं बोप्लाँ लिहितो. या पोरोहींच्या पलीकडे कोसॅकांचा अड्डा, सिच. पळालेली कुळं तिकडेच जायची. कोसॅक तिथूनच होड्यांतून काळ्या समुद्रात उतरून तुर्की बंदरं लुटायचे आणि त्याचा जाब सुलतान पोलंडच्या राजाला विचारायचा. म्हणून पहिल्या पोरोहीपाशी, उजव्या काठावर, वाट अडवणारा किल्ला बांधायचं ठरलं. जुलै १६३५ मध्ये बोप्लाँनं कोदाकचं काम धरलं. ऑगस्टमध्ये इव्हान सुलिमा हा कोसॅकांचा पुढारी समुद्रावरून परतत होता. त्याला आपली वाट अडलेली दिसली. त्यानं छापा घालून किल्ला घेतला आणि सुमारे दोनशेची शिबंदी कापून काढली. किल्लेदार मारियों हा बोप्लाँचाच देशबांधव होता, तोही मारला गेला. सुलिमाला पुढे पकडून वॉर्सात देहान्त शासन दिलं. १६३७ च्या डिसेंबरात कुमेय्कीला कोसॅकांचं दुसरं बंड मोडलं, त्या लढाईत बोप्लाँ स्वतः होता. १६३८ मध्ये पोलंडच्या संसदेनं कोसॅकांची नोंदणी, म्हणजे सरकारी चाकरीतल्या कोसॅकांची यादी, सहा हजारांवर आणली, आपला सेनापती आपण निवडायचा त्यांचा हक्क काढून घेतला, आणि १६३९ मध्ये कोदाक पुन्हा उभा केला. या वेळी जास्त मजबूत.

म्हणजे कोसॅकांचं सर्वांत उत्तम वर्णन करणारा माणूस कोसॅकांच्या गळ्यावर किल्ला बांधत होता. हे कळलं की त्याच्या कौतुकाचं वजन वाढतं. त्याच्या लेखी कोसॅक कणखर, कष्टाळू, थंडी-उपासाला न जुमानणारे, आणि स्वातंत्र्याशिवाय जगणं नकोसं वाटणारे आहेत. ज्याच्याशी लढायचंय त्या माणसाची ताकद नीट ओळखणं हा त्याच्या पोटापाण्याचा भाग होता. एके ठिकाणी तो मोठ्या आनंदानं लिहितो की पोरोही पार केल्याशिवाय कोणी कोसॅक होत नाही अशी त्यांची रीत आहे, आणि आपण पार केल्या आहेत, तेव्हा आपणही कोसॅक ठरतो. सगळ्या पुस्तकातली ही माझी आवडती ओळ.

पोरोहींच्या यादीवरून त्याची मोजणी कशी तपासायची हेही दाखवतो. दहाव्या शतकात बायझंटाइन सम्राट कॉन्स्टन्टाइन पॉर्फिरोजेनिटसनं सात पोरोही नावांनिशी दिल्या. बोप्लाँ तेरा देतो. नंतरच्या काळात नदीवरचे वाटाडे साधारण नऊ मोजत. मग बोप्लाँनं फुगवल्या का? नाही. पूर्ण पात्र अडवणारा बांध तो पोरोही, आणि एका बाजूनं वाट सोडणारा अर्धा बांध तो झाबोरा, असा फरक वाटाडे करायचे. बोप्लाँच्या यादीत व्होरोनोवा झाबोरासुद्धा पोरोहीत मोजलेली आहे. नावं जुळतात, क्रम जुळतो, वर्गवारी तेवढी वेगळी. होडीतून उतरणाऱ्या माणसाला जिथे जिवाची धास्ती वाटली तिथे त्यानं एक धरली. १९३२ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाच्या पाण्याखाली या सगळ्या पोरोही गेल्या. आता कोणालाही त्या जागेवर जाऊन तपासता येणार नाहीत, त्यामुळे अशा जुन्या याद्यांना जास्तच मोल आहे.

होड्यांचं प्रकरण तर इंजिनियरच्या हातचंच. कोसॅकांच्या समुद्री होडीला चायका म्हणत. लांबी साठ फूट, रुंदी दहा-बारा फूट, तळाला कणा नाही. आधी विलो किंवा लिंडनच्या खोडाची पंचेचाळीस फुटी डोणी घ्यायची. तिच्या कडांवर फळ्या चढवत जायच्या, प्रत्येक रांग आधीच्या रांगेवर खिळ्यांनी ठोकायची, आणि वर जाताना होडी रुंदावत न्यायची. मग दोन्ही अंगांना, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिंपाएवढ्या जाडीच्या बोरूच्या मोळ्या लिंडनच्या सालीच्या दोरांनी बांधायच्या. होडीत पाणी भरलं तरी या मोळ्यांमुळे ती तरंगत राहते. सुकाणू दोन, एक पुढे, एक मागे, म्हणजे पळायची वेळ आली तर एवढी लांब होडी वळवत बसायला नको. प्रत्येक बाजूला दहा ते पंधरा वल्ही. साठ माणसं पंधरा दिवसांत एक होडी करतात. दोन-तीन आठवड्यांत ऐंशी ते शंभर होड्या तयार. एकेका होडीत पन्नास ते सत्तर माणसं, प्रत्येकाकडे दोन बंदुका आणि तलवार. मोहिमेवर दारू अजिबात नाही. कोणी प्यालेला सापडला तर त्याला पाण्यात टाकतात.

इथपर्यंतच्या मजकुराला मापाचा आधार आहे. पुढचा भाग पाहा: अमावास्येच्या काळोखात नीपरच्या मुखाशी असलेल्या ओचाकिव्हच्या तुर्की पहाऱ्यातून सटकायचं; चायका पाण्यावर अडीच फूटच दिसते, म्हणून शत्रूला आपण दिसायच्या आत शत्रू आपल्याला दिसतो; मग सूर्य पाठीशी ठेवून अंतर राखत राहायचं, मध्यरात्री जवळ जाऊन चढाई करायची; छत्तीस ते चाळीस तासांत अनातोलियाचा किनारा गाठायचा. या मोहिमांत बोप्लाँ गेलेला नाही, जाणं शक्यच नव्हतं. हे त्यानं कोसॅकांच्या तोंडून ऐकलं. तरी मी ते बाजूला टाकत नाही. दिवसाढवळ्या उघड्या समुद्रात तुर्की युद्धनौकांशी गाठ पडली तर तोफांपुढे होड्यांची दाणादाण होते आणि निम्मी माणसंही क्वचितच परत येतात, हेही तो त्याच दमात लिहितो. नुसत्या बढाया ऐकून लिहिलं असतं तर ही बाजू आली नसती. ज्यानं सांगितलं तो तिथून जिवंत परतलेला कोणीतरी होता आणि ऐकणाऱ्यानं त्याला नेमके प्रश्न विचारले, असं हा मजकूर वाचताना स्पष्ट वाटतं.

माणसांचे आकडे आले की मात्र सावध व्हावं. आठ दिवसांच्या आत एक लाख वीस हजार कोसॅक हत्यारबंद उभे राहू शकतात, असं तो लिहितो. सरकारी नोंदणी सहा हजारांची होती. खरं या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. नोंद नसलेले, शेतावरचे, पळालेले, असे लढायची तयारी असलेले लोक पुष्कळ होते आणि १६४८ मध्ये ते दिसलंच. पण एक लाख वीस हजार हा कोणी डोकी मोजून काढलेला आकडा नाही. बोप्लाँच्या हातातल्या काठीला फूट आणि लीग (लांब अंतराचं जुनं माप) मोजता येत, माणसं नाही. पुस्तकभर हाच अनुभव येतो.

आता मुलींकडे येऊ. तो लिहितो की सगळ्या देशांच्या रितीविरुद्ध इथे मुली तरुणांना मागणी घालतात. मुलगी ज्याच्यावर मन बसलं त्याच्या घरी जाते, ‘देव साहाय्य करो’ म्हणून आत येते, बसते, मुलाचं नाव घेऊन त्याच्याशी बोलते, मग आईबापांकडे वळून लग्नाला परवानगी मागते. नकार मिळाला तर म्हणते, हो म्हणेपर्यंत मी हलणार नाही. आणि खरंच बसून राहते, काही आठवडेसुद्धा. तिला हाकलून देणं म्हणजे तिच्या सगळ्या घराण्याचा अपमान, शिवाय पाप आणि अरिष्ट. शेवटी आईबापच मुलाला समजावू लागतात.

याला थाप म्हणायच्या आधी त्याच्याच पुढचा मजकूर वाचावा. तिथे तो आणखी एक रीत सांगतो. गावातल्या नाचाच्या वेळी एखाद्या कुळाच्या पोरानं सरदाराची मुलगी उचलून पळवली आणि चोवीस तास लपवून ठेवली, आणि मग ती लग्नाला हो म्हणाली, तर त्याचा अपराध माफ. नाहीतर डोकं उडवायचं. ही गोष्ट सांगून झाल्यावर तो स्वतःच लिहितो की इथल्या सतरा वर्षांत असं घडल्याचं मी एकदाही ऐकलं नाही. चांगला साक्षीदार कसा असतो याचा हा वस्तुपाठ आहे. ऐकलेलं तो टाकून देत नाही, पण आपण पाहिलेलं नाही हेही लपवत नाही. त्यामुळे मुलींच्या मागणीबद्दल मी असं म्हणेन: ही रीत त्या मुलखात होती, तिला मान होता, आणि परक्या माणसाच्या डोळ्यांत भरण्याइतकी ती घडत होती. सगळीच लग्नं अशी जुळत, असा अर्थ त्यातून काढू नये. परका माणूस वेगळं दिसेल तेच टिपतो. नेहमीच्या बोलणीनं ठरलेलं लग्न त्यानं कशाला लिहून ठेवावं?

तापाच्या औषधाचंही तसंच. बंदुकीच्या एका बाराची अर्धी दारू ब्रँडीत कालवून प्यायची आणि झोपायचं, सकाळी माणूस ठणठणीत. आपला गाडीवान हे करायचा, असं तो लिहितो. हे औषध लागू पडतं की नाही याचा तो पुरावा नव्हे. लोक काय करत, याचा आहे. आणि तोही थेट घरातला, स्वतःच्या नोकराचा. इतिहासाला तेवढं पुरतं.

निसर्गाबद्दल लिहिताना त्याची नजर आणखी स्वच्छ होते, कारण तिथे कोणाची बाजू घ्यायची नसते. ओरेल नदीच्या मुखाशी एकाच जाळ्यात दोन हजारांवर मासे आलेले त्यानं पाहिले, लहानातला लहान फूटभर. माळावरचे बोबाक, म्हणजे बिळांत राहणारे मार्मोट, पहारेकरी ठेवून कसे चरतात हे त्यानं निगुतीनं लिहिलंय. नदीकाठच्या डासांनी त्याचा चेहरा असा सुजवला की तीन दिवस डोळे उघडेनात, आणि मग कोसॅक कापडाच्या कोणत्या तंबूत झोपतात ते तो सविस्तर सांगतो. टोळधाडीचं प्रकरण तर अवश्य वाचावं. १६४५ आणि १६४६ अशी लागोपाठ वर्षं टोळ आले. पाच-सहा लीग लांब आणि दोन-तीन लीग रुंद ढग, भर दुपारी अंधारून यायचं. जून १६४६ मध्ये एका नव्या गावात गढी बांधताना तो पंधरा दिवस राहिला, तेव्हा जमिनीतून पिल्लं निघून सगळं गाव कसं भरून गेलं, जेवणाच्या ताटात आणि तोंडातसुद्धा कशी शिरत होती, हे त्यानं लिहिलंय. त्या पानांवर मुलखाचं खरं दुःख कळतं. पिकं गेली की कुळानं वेठ कशाच्या जोरावर करायची?

तातारांच्या, म्हणजे क्राइमियाकडून येणाऱ्या घोडेस्वार टोळ्यांच्या, स्वाऱ्यांबद्दल त्यानं बरंच लिहिलंय आणि त्याचे दोन भाग वेगळे करावेत. स्वारी कशी चालते हा एक भाग: नद्या ओलांडाव्या लागू नयेत म्हणून दोन नद्यांमधल्या उंचवट्यावरून येणं, लूट न करता सरळ खोल आत घुसणं, आणि परत फिरताना फौजेचे पंख दोन्हीकडे पसरून माणसं-गुरं गोळा करणं. हे ज्ञान त्याच्या नोकरीचंच होतं आणि ते पक्कं आहे. कोसॅक गाड्यांची दुहेरी रांग करून, म्हणजे ताबोर करून, माळावरून कसे चालतात हेही तसंच. पन्नास-साठ कोसॅकांसह आपण अशा ताबोरात असताना पाचशे तातार काहीच करू शकले नाहीत, ही त्याची स्वतःची आठवण आहे. दुसरा भाग क्राइमियाचा आणि तातारांच्या घरगुती जीवनाचा. तिथे तो मोजणीची साखळी घेऊन फिरलेला नाही. तो मजकूर ऐकीव समजून वाचावा आणि दुसरीकडे ताडून पाहावा.

त्याला न दिसलेलंही पुष्कळ आहे. तो कॅथलिक, आणि युक्रेनचे बहुतेक लोक ऑर्थोडॉक्स. कीव्हच्या गुहांच्या मठात जपलेले संतांचे देह त्यानं पाहिले, इजिप्तच्या ममींची आठवण काढली, आणि कुतूहल तिथेच संपलं. १६५४ मध्ये सीरियातल्या अलेप्पोचा पॉल हा ऑर्थोडॉक्स धर्माधिकारी आपल्या वडिलांबरोबर, म्हणजे अँटिऑकचे पेट्रिआर्क (धर्मप्रमुख) मकारिओस यांच्याबरोबर, याच मुलखातून गेला. त्यानं अरबीत लिहून ठेवलंय की कोसॅकांच्या देशात बहुतेकांना, अगदी बायका-मुलींनासुद्धा, वाचता येतं आणि प्रार्थनेचा क्रम पाठ असतो. सतरा वर्षं राहिलेल्या बोप्लाँच्या पुस्तकात याचा मागमूस नाही. चर्चमध्ये त्यांच्या शेजारी उभा राहिलेल्या माणसाला ते दिसलं. तसंच कोसॅकांच्या सभेचं. बोप्लाँ त्यांची व्यवस्था बाहेरून सांगतो. १५९४ मध्ये सम्राट रुडॉल्फ दुसरा याचा वकील म्हणून एरिक लासोता पैसे, निशाणं आणि नगारे घेऊन सिचवर गेला, तिथे मुक्काम करून त्यानं सभा पाहिली. अधिकारी एकीकडे, सामान्य कोसॅक दुसरीकडे, वाद, रुसवे, पुन्हा बैठक, हे सगळं त्याच्या रोजनिशीत दिवसावार आहे. तेव्हा बोप्लाँ एकटा वाचू नये. हे तिघं एकत्र वाचले की प्रत्येकाची आंधळी बाजू दुसरा भरून काढतो.

सुरुवात कुठून करायची? माझं ऐकाल तर आधी नकाशा. बोप्लाँच्या मोजणीवरून ग्दान्स्कच्या विलेम होन्दियसनं १६४८ मध्ये युक्रेनचा सर्वसाधारण नकाशा कोरला आणि १६५० मध्ये आठ तावांचा मोठा, तपशीलवार. त्यांच्या डिजिटल प्रती मोठ्या ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर फुकट पाहता येतात. पहिल्यांदा पाहताना गोंधळ होतो, कारण दक्षिण वर आहे. काळा समुद्र माथ्यावर, कीव्ह खाली. पोलंडकडून माळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याला मुलूख असाच दिसणार. समोर तातार, मध्ये नदी, पाठीशी आपली गावं. नीपरचा पोरोहींपासून खालचा पट्टा मोठा करून पाहावा. बेटं, फाटे, ओढे यांचं तिथे जाळं आहे. याच जाळ्यात कोसॅक आपला खजिना आणि तोफा पाण्याखाली लपवून ठेवत आणि पाठलागावरच्या तुर्की नौका वाट चुकत, असं पुस्तकात आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात काखोव्का धरणानं हा भाग बुडवला आणि जून २०२३ मध्ये ते धरण फोडलं गेल्यावर तो पुन्हा उघडा पडला. तेव्हापासून तिथल्या सिचच्या जागांचा विचार करताना जुन्या नकाशांना नव्यानं महत्त्व आलंय.

नकाशानंतर पोरोहींचं आणि होड्यांचं प्रकरण, मग कुळांबद्दलची दोन-तीन पानं, मग टोळ. चालीरीती सगळ्यात शेवटी, म्हणजे तोवर या माणसाची सांगायची तऱ्हा अंगवळणी पडलेली असते. १७०४ चं इंग्रजी भाषांतर सहज मिळतं, पण त्यातली गावांची नावं ओळखणं कठीण जातं. हार्वर्डच्या युक्रेनियन संशोधन संस्थेनं १९९३ मध्ये काढलेली इंग्रजी आवृत्ती टिपांसह आहे, ती मिळाली तर तीच घ्यावी. फ्रेंच येत असेल तर १६६० ची आवृत्ती मुळातून वाचावी. भाषा सोपी आहे, वाक्यं लांब असली तरी कामकाजी आहेत. तिच्यात चायकेची आकृतीही आहे. वर्णन वाचताना ती शेजारी उघडी ठेवावी, म्हणजे बोरूच्या मोळ्या नेमक्या कुठे बांधायच्या ते लगेच उमगतं.